कुंपणाचा पाला

पावसाळा सरला म्हणजे नांदेड-लातूरकडील शाळांच्या व प्रार्थनामंदिरांच्या आवारांत माळ्याची मोठी कात्री वाजूं लागते. मोरपंखी, मेंदी, कण्हेर यांचीं कुंपणें एकसारखीं होतात, आवार कसें टापटिपीचें दिसूं लागतें, आणि कापलेला पाला भिंतीपलीकडे जातो. पुढें त्याचें काय होतें, हें विचारण्याचा प्रसंग आम्हांवर पुष्कळ वर्षें आला नव्हता.

एके वर्षीं तो आला. छाटलेली कण्हेर आम्हींच भिंतीबाहेर टाकविली होती. ताजी कण्हेर कडू म्हणून जनावर तिला सहसा तोंड लावीत नाहीं. परंतु सुकलेला पाला गवतांत मिसळला म्हणजे तें फसतें. शेजारच्या वस्तींतील एका मजूर बाईची दुभती शेळी दुसऱ्या दिवशीं मेली. बाईनें आम्हांस एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. किंमत आम्हीं भरून दिली, तथापि तिच्या लेकरांचें दूध कांहीं त्या रुपयांनीं लागलींच परत आलें नाहीं.

त्यानंतर कण्हेर वेगळी काढून बाकीची सर्व छाटण खताच्या खड्ड्यांत टाकण्याचा क्रम सुरू झाला. मुलांस तें मोठें सत्कृत्य वाटलें. वर्षभरानें खड्डा उकरला तेव्हां शेणाचें व इतर पाल्याचें काळेंभोर खत झालें होतें. मोरपंखीच्या डहाळ्या मात्र नुसत्या तपकिरी होऊन जशाच्या तशा हातीं आल्या.

मुलें पुष्कळदां विचारतात कीं, पवित्र शास्त्रांतील लबानोनचा गंधसरू तो हाच काय? नव्हे. गंधसरू हा हिमालयांतील देवदाराचा भाऊबंद. मोरपंखी सरूच्या कुळांतील. परंतु सुगंधी तेल व राळ हीं दोघांतही आहेत. गंधसरूचें लाकूड लवकर कुजत नाहीं म्हणून प्राचीन लोक तें मंदिरांस वापरीत, शलमोनाच्या मंदिरासही तेंच लागलें. तुळईचा हा गुण खताच्या खड्ड्यांत आडवा येतो.

सर अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं इंदूर येथें बसविलेली खताची पद्धति १९३१ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. त्या पद्धतींत कपाशीच्या पऱ्हाट्यांसारखा कठीण माल आधीं गाड्यांच्या चाकांखालीं चिरडून घेत असत. मोरपंखीही तशी चिरडली तर कालांतरानें कुजेल. पण त्यास ओल सतत हवी. ज्या लातूरास २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें न कुजणाऱ्या पाल्यावर बादल्या ओतीत बसणें आम्हांस तरी शहाणपणाचें वाटत नाहीं.

राहिली आगकाडी. ती सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट. राळेमुळें भडका उडतो, धूर वर्गांत शिरतो, आणि कण्हेरीचा धूर तर विषारीच. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१६ च्या डिसेंबरांत उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली व साध्या जाळण्यासही ५,००० रुपये भरपाई ठरविली. तरी सुटीच्या दिवशीं सायंकाळीं धूर कोठून येतो, तें नाक असलेल्यास सांगावें लागत नाहीं!

आमचें मत असें आहे कीं, मोरपंखीचा पाला बारीक तोडून त्याच कुंपणाच्या मुळाशीं दोन-तीन बोटें जाड पसरावा. जमिनीची ओल टिकते, गवतही कमी माजतें. मात्र हा थर चुलीपासून व लांकडी दारांपासून दूर असावा. कण्हेर छाटतांना हातमोजे घालावे. तिचें गाठोडें वेगळें बांधून, आंत काय आहे तें सांगून, घंटागाडीवाल्याच्या हातीं द्यावें. तो ढिगांत फेकील तर आपला उपाय चालत नाहीं, हें खरें. पण निदान त्याला ठाऊक असेल.

नवें कुंपण लावणाऱ्या पालकांस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं हात रंगविण्याची साधी मेंदी लावावी. फाटकाजवळ कण्हेर उपटून आम्हीं ती लावली आहे. तिची पहिली छाटण खड्ड्यापर्यंत पोंचलीच नाहीं. वसतिगृहाच्या मुलींनीं ती ओंजळी भरभरून नेली.