पडताळणीचा क्रम आणि लांबलेला हप्ता

फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेत पात्र शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये तीन समान हप्त्यांत मिळतात. हप्ता जमा होण्यापूर्वी अर्जदाराच्या माहितीची टप्प्याटप्प्याने पडताळणी होते. अशा संगणकीय पडताळणीत क्रम निर्णायक असतो. आधारचा बारावा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. त्यामुळे क्रमांकातील एखादा अंक चुकल्यास तो केवळ आकडेमोडीने पकडता येतो. प्राधिकरणाकडे विचारणा करावी लागत नाही. सोपी तपासणी आधी आणि खर्चिक नंतर, हा नियम म्हणूनच योग्य ठरतो.

मात्र पहिल्याच त्रुटीवर तपासणी थांबली, तर पुढील त्रुटी झाकलेल्या राहतात. एक दुरुस्ती केल्यावर दुसरी समोर येते, शेतकऱ्याचे हेलपाटे वाढतात आणि हप्ता लांबतो. या योजनेच्या संकेतस्थळावर जमिनीची नोंद, ई-केवायसी व बँक खात्याची आधार जोडणी यांची स्थिती एकत्र दिसते, ती याच कारणाने उपयुक्त ठरते. परस्परांवर अवलंबून नसलेल्या तपासण्यांचे निष्कर्ष एकाच वेळी कळवणे, हा धडा इतर कल्याणकारी योजनांच्या प्रणालींनीही घेण्याजोगा आहे.