‘म्हणे’ची बाजू

जपानी ही भित्र्या माणसांची भाषा आहे, असं आमच्या शाखेतल्या हेडकॅशियरांचं ठाम मत आहे. हेडकॅशियरांची सगळीच मतं ठाम असतात. त्यांचं म्हणणं असं, की जो माणूस ‘पाऊस पडणार’ असं सरळ न सांगता ‘पडेलसं दिसतं’ म्हणतो, त्याला बँकेनं कर्ज देऊ नये. या मताला आता पासिंग ऑफिसरपासून शिपायापर्यंत सर्वांचा पाठिंबा आहे. तेव्हा दुसरी बाजू मांडणं मला भाग आहे.

मी साधा बी. कॉम. जपानी शिकतो तेही हौसेनं नव्हे. मुलीची फी भरली, तीन रविवारांनी तिला गिटारची ओढ लागली, आणि ‘भरलेली फी परत मिळणार नाही’ हे पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं निघालं. भरलेले पैसे बुडवणं बँकेच्या माणसाच्या रक्तात नसतं. चौथ्या रविवारी मी जाऊन बसलो. वर्गातल्या मुलांनी उठून नमस्कार केला. त्यांना मी मास्तर वाटलो.

मग ते दिसण्याचं व्याकरण आलं. पुस्तकात केकचं चित्र होतं. चविष्ट म्हणजे ‘ओइशीइ’. पण केक अजून तोंडात गेला नसेल तर ‘ओइशिसोओ’ म्हणायचं, म्हणजे चविष्ट दिसतोय. खाल्ल्याशिवाय चवीवर शिक्का मारायचा नाही. (हा नियम पुण्यात लागू केला तर किती उपाहारगृहांची अब्रू वाचेल!) उलट सुंदर म्हणजे ‘किरेइ’, त्याला हे शेपूट लागत नाही. सुंदर आहे हे डोळ्यांना दिसतंच आहे. जे दिसतंय ते ‘दिसतंयसं दिसतं’ कशाला म्हणायचं? चांगला म्हणजे ‘इइ’, त्याचं मात्र ‘योसासोओ’ होतं. का, तर होतं. प्रत्येक व्याकरणात असा एक जावई असतोच.

खरी गंमत पावसाची आहे. ‘फुरिसोओ’ म्हणजे पडेलसं दिसतं. मी स्वतः खिडकीतून आभाळ बघितलंय. ‘फुरु सोओ’ म्हणजे पडणार म्हणे, कुणीतरी सांगितलंय. पाऊस तोच, छत्री तीच, पण साक्षीदार बदलला. पहिल्यात माझे डोळे, दुसऱ्यात शेजारी. वहीत ही वाक्यं चाळीस वेळा गिरवताना माझ्या लक्षात आलं, की अरे, हे तर व्हाउचर आहे! नोंद कशावरून केली, त्याचा कागद. बँकेत व्हाउचरशिवाय पाच रुपये इकडचे तिकडे केले तर ऑडिटर जीव घेतो. आणि बोलताना आपण लोकांच्या अब्रूच्या नोंदी बिनव्हाउचर करतो!

एका अक्षरानं काय बिघडतं, असं हेडकॅशियर विचारतात. ‘त्सुबुरेसोओ’ म्हणजे बुडेलसं दिसतं. ‘त्सुबुरेरु सोओ’ म्हणजे बुडणार म्हणे. आणि दोन्हींचं शेपूट तोडलं तर उरतं ‘त्सुबुरेरु’, बुडणार! डिसेंबर 1973 मध्ये जपानच्या आइची प्रांतात हेच झालं. आगगाडीनं प्रवास करणाऱ्या शाळकरी मुलींपैकी एकीला तोयोकावा शिंकिनमध्ये नोकरी लागली होती. शिंकिन म्हणजे आपल्या सहकारी बँकेच्या जातीची संस्था. मैत्रीण थट्टेत म्हणाली, तिथे धोका असतो बाई. तिच्या डोळ्यांपुढे दरोडेखोर होते. मुलीनं घरी विचारलं, घरच्यांनी नातेवाइकांना विचारलं, आणि काही दिवसांत तो धोका बँकेच्या प्रकृतीचा झाला. त्यातच एका लाँड्रीत कुणी गिऱ्हाइकानं फोनवरून घरी सांगितलं, 12 लाख येन काढून आण. त्याला ते धंद्यासाठी हवे होते. लाँड्रीवाल्यांनी ऐकलं आणि ओळखीच्यांना फोन लावले. मग रांगा लागल्या. बँक धडधाकट होती. शेवटी लोकांची खात्री पटावी म्हणून नोटांची चळत तिजोरीसमोर रचून दाखवावी लागली.

‘म्हणजे व्याकरण असून उपयोग काय झाला?’ हेडकॅशियर विजयी मुद्रेनं विचारतात. झाला नाही, कारण शेपूट वाटेत कुठेतरी गळालं असावं. कुलूप असूनही चोरी होते म्हणून कुणी दार सताड उघडं ठेवत नाही!

शिवाय जपानीत आणखी एक शिस्त आहे. ‘कानाशीइ’, मी दुःखी आहे, हे स्वतःबद्दल म्हणता येतं. दुसऱ्याबद्दल ‘कानाशिसोओ’, दुःखी दिसतो, इतकंच. त्याच्या आत जाऊन आलो असा आव आणायचा नाही. मध्यंतरी आमच्याकडे एक गृहस्थ जॉइंट खात्यातून पत्नीचं नाव कमी करायला आले. ती जाऊन पंधरा दिवस झाले होते. मृत्यूचा दाखला, झेरॉक्स, पासबुक, सगळं जागच्या जागी. फॉर्मवर एक खाडाखोड नाही. ते पायऱ्या उतरले नाहीत तोच मागच्या टेबलावरून आवाज आला, ‘ह्याला काही वाटलेलं नाही बरं का!’ काउंटर माझा होता. पत्नीच्या नावाचा रकाना भरायला त्यांना दहा मिनिटं लागली होती. दोन शब्दांचं नाव. मला एवढंच दिसलं, त्यापुढचं मला माहीत नाही. मागच्या टेबलाला तर एवढंही दिसलं नव्हतं.

आणि हे सगळं आयात करायला नको, ही माझी खरी तक्रार आहे. ‘म्हणे’ आपल्याकडे आहे. ‘गेला असावा’ आहे, ‘येईलसं वाटतं’ आहे. आमची आजी शेजारच्या सुनेबद्दल बोलायची तेव्हा दर वाक्याला एक ‘म्हणे’ असे. चहाडी करायची, पण पावतीसकट! आता व्हॉट्सॲपवर ‘म्हणे’ टाइप करायला कुणाला वेळ नाही. अमुक बँक बुडाली, तमुक नट गेला. नट बिचारा संध्याकाळी जिवंत असल्याचा खुलासा करत बसतो.

परवा मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रात्री साडेअकराला एक सूचना टाकली, की यापुढे प्रत्येक बातमीच्या शेवटी ‘म्हणे’, ‘दिसतं’ किंवा ‘असावं’ यांपैकी एक शब्द सक्तीचा करावा. दुसऱ्याच मिनिटाला चेअरमनसाहेबांचं उत्तर आलं, ‘याला सर्व सभासदांचा विरोध आहे.’ तोवर माझा मेसेज दोघांनी वाचला होता. त्यातली एक आमची ही.