ब्राइटनला गेलात तर छत्रीपर्यंत जाच!

लंडनला फिरायला जाणार असाल, तर एक दिवस ब्राइटनसाठी राखून ठेवा. व्हिक्टोरिया स्टेशनवरून रेल्वेने साधारण तासाभराचा प्रवास. आधीच सांगून ठेवते, किनाऱ्यावर वाळू शोधू नका. इथे सगळीकडे गोटेच गोटे! अनवाणी चालायची हौस दहा पावलांतच फिटते.

१८९९ मध्ये खुला झालेला पॅलेस पिअर म्हणजे थेट समुद्रात भरलेली जत्रा. पाळणे, खेळ आणि गरमागरम चिप्स. चिप्स मात्र सांभाळा, इथले सीगल पक्षी चक्क हातातून पळवतात. मुलं सोबत असतील, तर किनाऱ्यालगतच्या वोक्स रेल्वेत बसा. १८८३ मध्ये सुरू झालेली ही विजेवरची छोटी गाडी आजही धावते. हिवाळ्यात ती बंद असते, तेव्हा बेत उन्हाळ्यातलाच आखा.

आता रॉयल पॅव्हिलियन. घुमट आणि मिनार पाहून वाटतं, आपल्याकडचाच एखादा राजवाडा इथे आणून ठेवलाय. चौथ्या जॉर्जसाठी तो जॉन नॅशने १८१५ ते १८२३ या काळात घडवला. आत मात्र सगळा चिनी थाट. याच राजाची चंपी करायला पाटण्याचे साके दीन महोमेद होते! त्यांचं स्नानगृह ब्राइटनमध्येच होतं आणि 'शॅम्पू' हा शब्दही आपल्या चंपीच्याच कुळातला.

पण मला जास्त सांगायचंय ते पुढचं. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या अखेरीस, या राजवाड्यात जखमी भारतीय सैनिकांसाठी इस्पितळ उघडलं. प्रत्येकाला आपापल्या रीतीचं जेवण मिळावं म्हणून नऊ स्वयंपाकघरं होती. झुंबरांखाली खाटांवर पडलेल्या त्या जवानांचे फोटो ब्रिटिश सरकारने प्रचारासाठी भरपूर वापरले.

ब्राइटनच्या इस्पितळांत दगावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांवर गावाबाहेरच्या टेकडीवर अग्निसंस्कार झाले. तिथे १९२१ पासून पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी आहे. तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदाचा. त्या ५३ जणांची नावं मात्र तिथे दगडावर कोरली गेली ती थेट २०१० मध्ये!

छत्रीपर्यंत गाडी जात नाही. मेंढ्यांच्या कुरणांतून पायी जावं लागतं. पाण्याची बाटली घ्या आणि बूट चांगले घाला.