ख्रिसमसचं स्टॉकिंग विका, पण तुमचे दोन तास फुकट देऊ नका



"मला शिवण-भरतकाम येतं, ख्रिसमसला स्टॉकिंग आणि तारे विकू का?" असं बऱ्याच ताई विचारतात. नक्की विका. पण क्रॉफर्ड मार्केटच्या भावाशी स्पर्धा करू नका. कारखान्यात गठ्ठ्याने शिवलेल्या मालाच्या किमतीत हातकाम कधीच परवडणार नाही.

मग तुमच्याकडे जास्त काय आहे? नाव! बाळाचा पहिला ख्रिसमस असेल, तर साखळी टाक्याने त्याचं नाव भरलेलं स्टॉकिंग घरचे जपून ठेवतात. आणि गिऱ्हाईक जवळच आहे: बोरिवलीची आयसी कॉलनी, मालाडचं ओर्लेम, अंधेरीचं मरोळ.

आता हिशोब. समजा फेल्ट, अस्तर, दोरा ७० रुपये, पॅकिंग २०. तुमचे दोन तास, तासाला ८० धरले तर १६०. झाले २५०. हा नुसता खर्च आहे, नफा नाही. म्हणून ३५० सांगा. "घरी बसूनच तर करते" असं म्हणून मजुरी सोडलीत, तर तो धंदा नाही, हौस आहे.

नाव घातलेली वस्तू दुसऱ्याला विकता येत नाही, म्हणून अर्धे पैसे आधीच घ्या. नमुने ऑक्टोबरमध्ये तयार ठेवा. २५ डिसेंबरच्या आधीच्या चौथ्या रविवारी चर्चमध्ये आगमनकाळ सुरू होतो. त्या दिवशी ऑर्डर घेणं बंद करा.

कुणी "महाग आहे" म्हणालं, तर हसून बिननावाचा छोटा तारा दाखवा. भाव मात्र पाडू नका.