पोरगं ‘काय नाही झालं’ म्हणतंय म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका

जुलै जवळ आला की आपल्या कोल्हापुरात फ्लेक्स लागायला लागतात. ‘आमचे खेळाडू युरोपला रवाना.’ अभिनंदन आहेच. पेठापेठांतल्या तालमींच्या टीम बघत मोठी झालेली पोरं बाहेर जाऊन खेळतात, याचा आनंद कुणाला नाही? पण या दौऱ्यांबद्दल एक गोष्ट कुणी बोलत नाही, म्हणून लिहितोय. थोडं मोठं झालंय, पण ज्यांची मुलं जाणार आहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

स्वीडनमधल्या गोथेनबर्गला १९७५ पासून गोथिया कप भरतो. जगभरातून मुलामुलींच्या टीम येतात. चौदा वर्षांखालच्या एका टीमबरोबर मॅनेजर म्हणून मी तिथं जाऊन आलोय. स्पर्धेची व्यवस्था उत्तम. अडचणी येतात त्या आपल्या तयारीच्या.

राहायला बहुतेक टीमना शाळेचे वर्ग मिळतात, जमिनीवर गाद्या टाकून. तिथलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं. रात्री दहापर्यंत उजेड, त्यामुळं पोरं लवकर झोपत नाहीत, आणि पहाटे अडीच-तीनला टक्क जागी. जेवणात ब्रेड आणि पास्ता. संडासात पाण्याऐवजी कागद, म्हणून निम्मी पोरं जायचं टाळतात आणि त्यासाठी पाणीही कमी पितात. पोट बिघडतं, डोकं दुखतं, पायात गोळे येतात. हे कुणी कोचला सांगत नाही. लाज वाटते.

मग मैदान. आपली पोरं मातीत नाहीतर गवतावर खेळलेली. तिथं बऱ्याच मॅच आर्टिफिशियल टर्फवर. घसरलं की मांडी, गुडघा सोलून निघतो, भाजल्यासारखा. लांब स्टडचे बूट टर्फमध्ये अडकतात, पाय तिथंच राहतो आणि गुडघा फिरतो. बूट नवे घेतले असतील तर पहिल्याच दिवशी टाचेला फोड. आणि गटात हरलं तरी सुटका नाही, बी प्लेऑफ असतोच. म्हणजे आठवडाभरात किमान चार मॅच.

यातलं काहीच जीवावरचं नाही, मान्य. पण ‘किरकोळ’ दुखणं पोरं का लपवतात, तो माझा मुद्दा आहे.

आमच्या टीममधला एक पोरगा दुसऱ्या मॅचनंतर पायात दोन-दोन मोजे घालून फिरत होता. घोटा सुजलेला. विचारलं तर, ‘काय नाही झालं सर.’ फारच खोदून विचारल्यावर म्हणाला, ‘बाबांनी सोसायटीचं कर्ज काढलंय. बसून राहिलो तर काय सांगू?’ कोचचं म्हणणं, स्प्रे मारा, पट्टी बांधा, उद्या महत्त्वाची मॅच आहे. शेवटी मैदानावरच्या प्रथमोपचारवाल्या बाईंनी त्याला चार पावलं टाकायला सांगितली. टाकता येईनात. एक्स-रे काढला, तर हाडाच्या टोकाशी चीर. वाढत्या वयात हाडाच्या टोकाचा भाग कच्चा असतो. मोठ्या माणसाचा पाय नुसता मुरगळेल तिथं मुलाचं हाड दुखावू शकतं. तसंच खेळवलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार तुम्हीच करा.

पुढची गंमत ऐका. शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो, तसा आमचाही होता. एजंटानं काढून दिलेला. पॉलिसी उघडून बघितली तर स्पर्धात्मक खेळातली दुखापत वगळलेली! खेळायला नेलेल्या पोरांचा विमा, आणि खेळताना लागलं तर पैसे नाहीत. बिल आम्ही मोठ्यांनी तिथंच वर्गणी काढून भरलं.

दोष एका कोचचा नाही. त्याला टीम जिंकवायची आहे, पोराला खेळायचंय, बापाला फोटो हवाय. ‘आज हा खेळणार नाही’ असं म्हणण्यात ज्याचा काही तोटा नाही, असा माणूस टीममध्ये नसतोच. तो असला पाहिजे, एवढंच माझं मत आहे.

म्हणून पैसे भरण्याआधी पालकांनी अकॅडमीला हे विचारावं:

१) कोच सोडून असा कोण मोठा माणूस बरोबर आहे, ज्याचा दुखापतीबद्दलचा शब्द शेवटचा? नाव लेखी द्या. मुलींची टीम असेल तर बरोबर बाई हवीच. पाळीचा त्रास पोरगी पुरुष कोचला सांगणार नाही.

२) पॉलिसीची प्रत द्या. स्पर्धेतली दुखापत धरलीय का, ते स्वतः वाचा.

३) प्रत्येक मुलाची ॲलर्जी, चालू औषधं आणि जुनी दुखणी लिहिलेला कागद मॅनेजरच्या खिशात आहे का?

४) गोळ्या कोण देणार? कुणाच्याही बॅगेतली गोळी कुणालाही, हे बंद करा. पृथ्वी शॉवर २०१९ मध्ये बीसीसीआयनं आठ महिन्यांची बंदी घातली. खोकल्याच्या औषधात सर्रास असणारं टर्ब्युटालिन त्याच्या तपासणीत सापडलं होतं. आपली पोरंही उद्या मोठ्या स्तरावर जाणार असतील तर सवय आत्ताच लागू दे.

५) डोक्याला मार लागला तर त्या दिवशी खेळ बंद. यात चर्चा नाही.

आणि पालकांना एक विनंती. व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न ‘किती गोल मारलास?’ हा नको. ‘पोट साफ आहे का, झोप झाली का, कुठं दुखतंय का?’ हे आधी विचारा. कर्जाची गोष्ट त्याच्या कानावर घालू नका. आणि निघण्याआधी स्पष्ट सांगा, ‘दुखलं तर बस. आम्हाला चालेल.’

ही परवानगी घरातूनच मिळावी लागते. ज्यांची मुलं यंदा जाणार आहेत त्यांच्यापर्यंत पोस्ट पोचवा. अकॅडमीवाल्यांनीही कमेंटमध्ये आपली व्यवस्था सांगावी, मी आनंदानं वाचेन.