सही कुणाची, अधिकार कुणाचे?

'गव्हर्नर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राजभवन येतं. अमेरिकेतला गव्हर्नर तसा नाही. तो निवडून येतो आणि राज्य तोच चालवतो. आपल्या मुख्यमंत्र्यासारखा समजा. आणीबाणी जाहीर केली की दुकानं बंद करण्यापासून काही कायदे स्थगित करण्यापर्यंत त्याला बरंच काही करता येतं.

मार्च २०२० मध्ये पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर टॉम वुल्फ यांनी तेच केलं. मला ते तेव्हाही पटलं, आजही पटतं. माणसं मरत असताना आधी चर्चा, मग निर्णय, असं मी म्हणणार नाही. माझं भांडण पुढच्या गोष्टीशी आहे. तिथे आणीबाणीची मुदत होती ९० दिवस, पण ती वाढवणारा गव्हर्नरच, आणि हवी तितक्या वेळा. जूनमध्ये दोन्ही सभागृहांनी ती संपवायचा ठराव केला. जुलैत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ठराव गव्हर्नरकडे गेलाच पाहिजे. म्हणजे गव्हर्नरचे अधिकार काढायला गव्हर्नरचीच सही! तो नाही म्हणाला तर दोन तृतीयांश मतं जमवा.

ठराव आणणारे रिपब्लिकन, वुल्फ डेमोक्रॅट. हेतू राजकीय होता का? होताच की. पण उद्या त्या खुर्चीत तुम्हाला न आवडणारा माणूस बसेल, तेव्हा हेच ९० दिवस त्यालाही मिळतील. आपला माणूस आहे तोवर लगाम नको वाटतो, हीच तर गोम आहे.

१८ मे २०२१ ला मतदारांनी राज्यघटनाच बदलली. आता आणीबाणी २१ दिवस. पुढे न्यायची तर विधिमंडळाची संमती हवी. आणि साध्या बहुमताने, गव्हर्नरच्या सहीशिवाय, ती मध्येच संपवताही येते.

लगेच ऑगस्टमध्ये ओपिऑइड व्यसनाविरुद्धची आणीबाणी संपली, कारण विधिमंडळाने ती वाढवली नाही. बघा, लोकांच्या जिवाशी खेळ, असं म्हणता येईल. पण ती जानेवारी २०१८ पासून चालू होती. साडेतीन वर्षं चाललेली आणीबाणी ही आणीबाणी नसते, ते धोरण असतं. धोरणाला कायदा करा, बजेट द्या, सभागृहात उत्तरं द्या. अवघड जातं, मान्य.

हे वाचून 'अमेरिकेचं काय ते' म्हणू नका. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने जो साथरोग कायदा बाहेर काढला, तो १८९७ चा. मुंबईतल्या प्लेगसाठी इंग्रजांनी केलेला. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या नावाखाली घरं झडत होती आणि जूनमध्ये चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्या कायद्याचं दुसरं कलम सरकारला साथ रोखण्यासाठी लागतील ते नियम करायची मुभा देतं. किती दिवस? मी ते कलम पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात दिवसांचा आकडाच नाही.