काळ्या मातीत जाड टायर

धाराशिवच्या काळ्या रानात पाऊस पडून गेला की शेतकरी लगेच औत जुंपत नाही. तो वाफसा येण्याची वाट पाहतो. ओल्या रानात पाय टाकला तर पायाला चिखलाचा बूट चढतो, बैलाचं पाऊल रुततं, कुळवाला माती लपेटते. हे इथल्या शाळकरी पोराला कोणी शिकवावं लागत नाही. पण तोच पोरगा जाड टायरच्या सायकलीसाठी हट्ट धरतो आणि वडील दुकानात पैसे मोजायला उभे राहतात, तेव्हा रानाची ही शिकवण दोघांच्याही ध्यानात येत नाही.

हट्टामागचं कारण समजण्यासारखं आहे. चार इंच रुंद टायर, डिस्क ब्रेक, मोटारसायकलसारखा भरदार बांधा! गावात अशी एक सायकल आली की साऱ्या गल्लीची नजर तिच्यावर खिळते. ‘कुठल्याही रस्त्यावर चालते’ असं विकणारा सांगतो. जाड टायरची ही सायकल म्हणजे ‘फॅट बाईक’; तिचा साधा लोखंडी प्रकार साधारण दहा ते वीस हजारांत मिळतो. मराठवाड्यातल्या घराला ही रक्कम लहान नाही, म्हणूनच ती मोजण्याआधी हा टायर कोणत्या जमिनीसाठी जन्माला आला, हे पाहायला हवं.

तो जन्मला बर्फासाठी आणि वाळूसाठी. १९८७ मध्ये अलास्कात बर्फावरची ‘इडिटाबाईक’ शर्यत सुरू झाली. नेहमीची चाकं बर्फात रुतत, म्हणून तिथल्या हौशी कारागिरांनी दोन रिमा शेजारी शेजारी जोडून रुंद चाकं बनवली. तिकडे न्यू मेक्सिकोतले सायकलस्वार वाळूच्या टेकड्यांसाठी तसेच प्रयोग करत होते. २००५ मध्ये ‘सर्ली’ कंपनीची ‘पग्स्ली’ बाजारात आली आणि ही हौस धंद्यात उतरली.

जाड टायरची खरी ताकद रुंदीपेक्षा आतल्या कमी हवेत असते. स्वार आणि सायकल मिळून ८४ किलो वजन धरू. साध्या सायकलीत ६० पीएसआय दाबाची हवा असेल, तर दोन्ही टायर मिळून जेमतेम २० चौरस सेंटीमीटर जमिनीला टेकतात. फॅट बाईकमध्ये हवा ८ पीएसआयपर्यंत उतरवली की हीच जागा १५० चौरस सेंटीमीटरच्या आसपास जाते. भार पसरतो आणि भुसभुशीत वाळूवर चाक तरंगल्यासारखं जातं. भार वाटून द्यायची ही युक्ती या भागाला परकी नाही. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फुटी रेल्वे सुरू केली, तेव्हा एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, असा दंडक घातला. त्यामुळे हलके, स्वस्त रूळ पुरले आणि ‘बार्शी लाईट’ येडशीवरून १९११ मध्ये लातूरला पोहोचली. कॅल्थ्रॉपने गाडी आखली ती रुळाकडे पाहून.

सायकलही तशीच जमिनीकडे पाहून निवडायला हवी. मग धाराशिवच्या सायकलवाल्याच्या चाकाखाली काय येतं? बालाघाट डोंगररांगेच्या माथ्यावर मुरूम आणि काळा दगड, उतारावर सुटी खडी, सखल शिवारात काळी माती. वाळू सापडेल ती नदी-ओढ्याच्या पात्रात, तीही थोडी.

काळ्या मातीचं वागणं वाळूहून अगदी वेगळं आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. उन्हाळ्याच्या बाबतीत जाड टायरला त्याचं श्रेय द्यायलाच हवं. ज्या भेगेत साध्या सायकलीचं चाक अडकतं, तिच्यावरून तो सहज जातो, ढेकळांचे धक्केही खातो. पावसाळ्यात मात्र हाच रुंदपणा अंगाशी येतो. टायर जितका रुंद, तितकी जास्त माती तो उचलतो. ती चिमट्यात, चेनमध्ये, ब्रेकपाशी साचते आणि चाक फिरायचं थांबतं. मग वीसेक किलोची सायकल खांद्यावर घेऊन बांध गाठायचा. ऊसतोड कामगारांना हे सांगायला नको. त्यांची टायरगाडी डांबरी रस्त्यावर, कोरड्या रानात लोखंडी धावेच्या जुन्या गाडीपेक्षा कितीतरी हलकी चालते, पण अवकाळी पाऊस झाला की तीच गाडी फडातून काढायला दुसरी बैलजोडी लावावी लागते.

काट्यांचा विचार तर दुकानात कोणीच करत नाही. पाणंदीच्या दोन्ही बाजूंना वेडी बाभूळ, पायवाटेवर सराटे. टायर जाड दिसतो म्हणून त्याला काटा लागत नाही, असं मुळीच नाही; रुंद टायर जास्त जमीन चाटतो, म्हणजे जास्त काटे गोळा करतो. चार इंची टायरची ट्यूब तालुक्याच्या दुकानात मिळेलच याची खात्री नसते. साध्या सायकलीची मिळते. घेण्याआधी आपल्या नेहमीच्या पंक्चरवाल्याला एवढं एकच विचारलं तरी पुष्कळ कळेल.

आणि चढ. सोलापूरकडून येणारा तुळजापूरचा घाट असो की येडशी-रामलिंगचा परिसर, बालाघाट चढायचा तर हलकं चाक आणि गिअर हवेत. चार इंची एक टायर सव्वा ते दीड किलोचा, माउंटन बाईकचा त्याच्या निम्मा. हा फरक फिरत्या चाकावर असल्यामुळे प्रत्येक वेळी वेग घेताना मांड्यांना जाणवतो. स्वस्तातल्या बऱ्याच फॅट बाईकना तर एकच गिअर असतो. त्यावर घाट चढणाऱ्या पोराचा सायकलीचा नादच सुटण्याची भीती आहे आणि ते नुकसान पैशांहून मोठं आहे.

म्हणून या जिल्ह्यात रानवाटेसाठी सायकल घ्यायची तर सव्वादोन इंचांच्या आसपासचे टायर असलेली, गिअरची माउंटन बाईक घ्यावी. तिच्यात ३० पीएसआय हवा ठेवली तर मुरमावर पकड मिळते, डांबरावर दमछाक होत नाही. दापोली-गुहागरच्या पुळणीवर राहणाऱ्याने फॅट बाईक जरूर घ्यावी. इथेही फक्त कोरड्या दिवसांत, सपाट रानात, निवांत फिरायचं असेल आणि दुसरी सायकल घरात असेल, तर हौसेला ना नाही. पण शाळा, शेत, देवदर्शन आणि रविवारची भटकंती एकाच सायकलीवर भागवायची असेल, तर जाड टायर नको.

निर्णय पक्का करण्याआधी कोणाची तरी फॅट बाईक तासभर मागून घ्यावी. ती दुकानासमोरच्या डांबरावर फिरवून उपयोग नाही. पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशी आपल्याच शिवाराच्या पाणंदीत न्यावी, मग एखादा चढ चढून पाहावा. येडशी-रामलिंग अभयारण्याच्या हद्दीत जायचं तर आधी वनखात्याला विचारावं. आणि ठरलेल्या रकमेतून हेल्मेट, हातपंप, दोन जादा ट्यूब आणि ट्यूबमध्ये भरायचं पंक्चररोधक द्रावण यांचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवावेत. सराटे वर्षभर वाटेवर असतात.